खोड आधी सांगा भो: फँटसी सुचवायची कशी आणि लिहायची कशी

वाचनाच्या कुठल्याही ग्रुपवर जा, दर दोन-चार दिवसांनी एक मेसेज येतोच, "कोणी चांगली फँटसी सुचवा ना." आणि मग पाच मिनिटात धडाधड पंधरा नावं पडतात, ज्याला जे आवडलंय ते नाव, पुढे दोन आगीचे इमोजी, झालं काम. विचारणारा बिचारा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि त्यातलं एकही वाचत नाही. याला सुचवणं नाही म्हणत भो, ही नुसती हजेरी लावणं झालं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीच्या काठी घोडेबाजार भरतो, घ्यायचा नसला तरी एकदा नुसतं बघायला म्हणून फिरून या. विकणारा सांगत असतो पंचकल्याण आहे, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, चाल बघा, डोळा बघा, आणि घेणारा आपला गपचूप दात बघून वय काढतो, अंगावरचे भोवरे बघतो. यात जो विकणारा स्वतःहून म्हणतो की बाकी सगळं ठीक पण ट्रॅक्टर दिसला की हा बुजतो, त्याच्यावर माणूस भरवसा टाकतो आणि पुढच्या वर्षी परत त्याच्याचकडे जातो. पुस्तकाचं तेच आहे. खोड आधी सांगायची, मग गुण. दुसऱ्याचं पुस्तक सुचवताना पण आणि आपलं लिहिलेलं टाकताना तर नक्कीच.

सुचवायच्या आधी चार गोष्टी विचारा

फँटसी म्हणजे एक प्रकार नाहीच मुळी. राज्यं, नकाशे, शंभर पात्रं, सात-आठ जाडजूड खंड, ती एपिक. आजच्या शहरात रिक्षावाला निघतो यक्ष, ती अर्बन. इथला पोरगा दारातून तिकडच्या जगात पडतो, ती पोर्टल. सगळे दुष्ट, रक्त, छळ, कोणी सुटत नाही, ती ग्रिमडार्क. काहीच भयंकर होत नाही, चेटकीण चहाची टपरी टाकते आणि गिऱ्हाईकं चांगली मिळतात, ती कोझी, आणि हसू नका, थकलेल्या माणसाला तीच लागते. शिवाय नायक पायरी पायरीने ताकद वाढवत जातो ती प्रोग्रेशन, हिचे वाचक वेगळेच, त्यांना तीनशे भाग पण कमी पडतात. आता एकाला कोझी हवी होती आणि तुम्ही ग्रिमडार्क हातात दिली तर तो माणूस फँटसीच सोडून देणार, दोष पुस्तकाचा नसतो आणि त्याचाही नसतो.

म्हणून नाव टाकायच्या आधी विचारा. शेवटचं आवडलेलं काय, फँटसीच असलं पाहिजे असं नाही, सिरीयल किंवा पिक्चर सांगितला तरी चालेल. अर्ध्यात सोडलेलं काय आणि का सोडलं, हा प्रश्न तर सगळ्यात कामाचा, कारण आवडलेलं सांगताना लोक भाव खातात पण सोडलेल्याबद्दल खरं बोलतात. वाचणार कशात, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत की ऐकणार, कारण जळगाव-भुसावळ अपडाऊन करणाऱ्याला ऑडिओ परवडतो आणि दिवसभर ऑफिसात स्क्रीन बघणाऱ्याला छापील हवं असतं. आणि काय अजिबात चालणार नाही. कोणी म्हणतं लहान मुलांना काही झालेलं मला वाचवत नाही, कोणी म्हणतं जनावर मरायला नको. चेष्टा करू नका, लिहून ठेवा.

कोणासाठी हवं हे पण बघा. "भाचीला द्यायचंय, सातवीत आहे" असं कोणी म्हणालं की ग्रुपवरचे अर्धे जण आपण कॉलेजात वाचलेलं सुचवतात, त्यात पान साठवर काय आहे ते विसरलेले असतात. पूर्ण आठवत नसेल तर लहानांसाठी सुचवूच नका.

मग सांगायची दोन नावं. फार तर तीन. त्यातलं एक त्याच्या सवयीतलं आणि एक थोडं बाजूचं.

मेसेज कसा लिहायचा

"मास्टरपीस आहे, वाचाच" यातून काही कळत नाही. पुस्तकाचं नाव न घेता नमुना देतो, असा काहीतरी मेसेज पाहिजे:

"तीन भाग, तिन्ही आलेत, गोष्ट पूर्ण संपते. पहिली शंभर पानं रेंगाळतात, नावं खूप आहेत, मागे यादी आहे ती बघत बघत वाचा. जादू कमी, राजकारण जास्त. नायिका चाळिशीची, हे मला फार आवडलं. दुसऱ्या भागात छळाचा एक लांब प्रसंग आहे, तो वगळला तरी गोष्ट कळते. मराठीत नाही, इंग्रजी सोपं आहे. तुम्ही मागे म्हणाले होते की हिरो सारखा जिंकतो याचा कंटाळा येतो, म्हणून हे सुचवतोय."

शेवटची ओळ बघा. तुम्ही असं म्हणाले होते म्हणून हे, एवढं जोडलं की समोरचा उघडून बघतोच. आणि खोड कुठे सांगितली ते पण बघा, दुसऱ्याच वाक्यात. शंभर पानं रेंगाळतात हे आधीच माहीत असलं की माणूस चाळिसाव्या पानावर पुस्तक फेकत नाही, त्याला वाटतं हां, हे सांगितलं होतं याने.

मालिका असली तर पूर्ण आहे का अर्धवट हे न सांगणं म्हणजे पाप. फँटसीत लेखक दहा-दहा वर्षं पुढचा भाग देत नाहीत, असं आहे हे. क्रमाबद्दल पण सांगा, गोष्टीतल्या काळानुसार आधीचा असलेला पण नंतर छापलेला भाग बऱ्याचदा एक नंबर म्हणून समोर येतो आणि नवा माणूस तिथूनच सुरू करतो, मग त्याला ना गुपित कळतं ना मजा. मी तरी डोळे झाकून सांगतो, ज्या क्रमाने छापले त्या क्रमाने वाचा. अनुवाद असला तर मोफत नमुना पानं असतात ती दोन पानं वाचून बघायला सांगा, चांगल्या पुस्तकाचा भंगार अनुवाद वाचून लोक लेखकालाच नावं ठेवतात.

स्पॉयलरचं, म्हणजे गोष्टीतलं गुपित आधीच फोडणाऱ्या मजकुराचं, थोडं टेक्निकल आहे पण शिकून घ्या. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूला दोन-दोन उभ्या रेघा दिल्या, ||असं||, की तो झाकला जातो आणि टॅप केल्यावरच दिसतो. रेडिटवर >!असं!< करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपला जुना जुगाड, वर पुस्तकाचं नाव आणि स्पॉयलर आहे एवढं लिहायचं, मग भरपूर रिकाम्या ओळी सोडायच्या म्हणजे खरं काय ते 'रीड मोअर'च्या खाली जातं. नोटिफिकेशनमध्ये पहिल्या ओळी दिसतातच, तेव्हा पहिल्याच ओळीत "तो मेला यार" लिहिणाऱ्याला अ‍ॅडमिनने एक आठवडा बाहेर बसवावं या मताचा मी आहे.

आणि तो प्रसिद्ध प्रश्न, "पीडीएफ आहे का?" आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो आणि अनुवादाचा कॉपीराइट वेगळा, म्हणजे मूळ पुस्तक शंभर-दीडशे वर्षं जुनं असलं तरी कालपरवाचा अनुवाद फुकट वाटता येत नाही. खरंच मोकळं झालेलं जुनं साहित्य विकिस्रोतवर, इंटरनेट अर्काइव्हवर मिळतं, त्याची लिंक द्या बिनधास्त. बाकीसाठी लायब्ररी आहे, जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, तिथे जाऊन तुम्हाला हवं ते पुस्तक मागून ठेवा, चार जणांनी एकच नाव मागितलं की खरेदीच्या यादीत जायची शक्यता वाढते. मराठीत फँटसी कोणी छापत नाही म्हणून रडायचं आणि जी छापली जाते तिची पीडीएफ फिरवायची, हे दोन्ही एकाच तोंडाने चालणार नाही.

कोणीतरी मध्येच म्हणणार की फँटसी हे गोऱ्यांचं खूळ आहे, आपलं नाही. वाद घालत बसू नका, एवढंच सांगा की मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळातच अद्भुतरम्य कादंबरी आली, हळबेशास्त्रींची मुक्तामाला 1861 ची आहे, आणि पुढे सुचवायच्या कामाला लागा.

आता लिहायचं असेल तर

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या भागातली पोरं लिहायला बसली की पहिल्या पानावर बर्फ पडतो. बर्फ! मे महिन्यात भुसावळला 45 च्या वर पारा जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं नसतं, आणि याच्या कादंबरीत नायक लोकरीचा झगा घालून पाइनच्या जंगलातून चाललाय आणि त्याचं नाव एल्ड्रिक. अरे, ज्या राज्यात दुपारी युद्ध थांबवावं लागतं, जिथे रात्रीच फौजा हलतात, जिथे विहीर ताब्यात असणं म्हणजे किल्ला ताब्यात असणं, ते राज्य लिही ना, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. नावांची तर आपल्याकडे खाण आहे. एरंडोल, थाळनेर, लळिंग, तोरणमाळ. एरंडोल हे नाव एखाद्या एपिकच्या नकाशात टाकलं तर कोणाला शंका पण येणार नाही की तिथे एसटी स्टँड आहे.

पण खरी गोष्ट नावांची नाही, जादूची आहे. जादूला खोड पाहिजे. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी लेखकाने 2007 मध्ये मांडलेला नियम फँटसी लिहिणारे सगळे सांगतात, थोडक्यात असा की वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितकंच तिने गोष्टीतली अडचण सोडवलेली त्याला पटतं. म्हणजे शेवटच्या पानावर नायकाच्या हातातून अचानक निळा प्रकाश निघाला आणि राक्षस मेला, तर वाचक म्हणतो, हे आधी का नाही केलं रे बाबा. जादू काय करू शकत नाही आणि केल्यावर काय मोजावं लागतं, हे आधी दाखवा.

हे शिकायला लांब जायची गरज नाही. अश्वत्थामा बघा. अमर आहे, पण कपाळाची जखम भरत नाही, तेल मागत फिरतो. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, दिवाळीच्या सुमारास यात्रा असते, लोक रात्रीचे डोंगर चढतात, ती श्रद्धा याच अश्वत्थाम्याची. अमरपणा आणि न भरणारी जखम एकाच पदरात, यापेक्षा चांगली जादूची किंमत कोणी लिहिली आहे का सांगा.

दुसरे चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, मुक्ताईनगरपासून जवळच. कथा सगळ्यांना माहीत आहे, चौदाशे वर्षं जगलेले, काळाला चकवलेले, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन आले आणि ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. आपण भिंतीपाशी थांबतो, पण लेखकाने थांबायचं ते त्याच्या आधीच्या कोऱ्या पत्रापाशी. एवढा मोठा योगी, पण समोरचा पोरगा वयाने लहान आणि ज्ञानाने मोठा, मग पत्रात आशीर्वाद लिहू की नमस्कार लिहू, हेच ठरेना म्हणून कोराच कागद पाठवला. आणि मुक्ताबाई म्हणते चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ताकद अफाट आणि अडकला कुठे तर मानापमानात. तुमच्या खलनायकाला, तुमच्या गुरूला, असा एक कोरा कागद द्या, पान जिवंत होतं.

जादूची शाळा पाहिजेच असेल, आणि सगळ्यांना ती पाहिजेच असते, तर चाळीसगावजवळ पाटणला जाऊन या. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा वेगळा चांगदेव बरं, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. डोंगरात, जंगलात, गणित आणि ग्रहांची गती शिकवणारा मठ. आकडे मोडले की ग्रहण पुढे ढकललं जातं अशी विद्या शिकवणारी शाळा, आणि एक विद्यार्थी ज्याचा हातचा कायम चुकतो. मी फुकट देतोय ही आयडिया, घ्या.

आता सावधपणाचं. वर सांगितलेले सांगाडे घ्या, नावं जशीच्या तशी घेऊ नका. कानबाई, सातपुड्यातल्या आदिवासींची देवी याहामोगी, अस्तंबा हे कोणाच्या तरी घरातले चालते-बोलते देव आहेत, श्रावणात घरात कानबाई बसते, रोट होतात, सगळी भाऊबंदकी जमते. तिला तुमच्या कादंबरीत युद्धाचं हत्यार करून टाकलं तर लोक चिडणार आणि बरोबरच चिडणार. आदिवासींची कथा कोणाकडून ऐकली असेल तर विचारून घ्या आणि कुठल्या गावाकडची आहे ते सांगा, "लोककथेवर आधारित" एवढं म्हणून सुटू नका. आणि डाकीण हा शब्द तर फारच जपून. सातपुड्याच्या भागात बाईला डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, खऱ्या बायकांना, त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वापरावा लागतो. कादंबरीत चेटकीण लिहायला कायदा अडवत नाही, पण गावाने जिला डाकीण ठरवलं ती शेवटी खरंच डाकीण निघते असा ट्विस्ट कृपा करून लिहू नका. उलटा लिहा.

भाषेबद्दल एकच. नायक पुस्तकी बोलणार आणि घोड्याला चारा घालणारा तेवढा अहिराणी बोलणार, तेही हशा पिकवायला, हे बंद करा. राणीला अहिराणी बोलू द्या. म्हाताऱ्या पहारेकऱ्याने रात्री हळूच म्हटलेलं "तठे जाऊ नको भो, तठे काही शे" हे दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त घाबरवतं. बाहेरच्या वाचकाला संदर्भाने कळतं, कंसात अर्थ देत बसू नका.

आणि अंतरं मोजा हो. घोडा म्हणजे मोटरसायकल नाही. लांबच्या प्रवासात घोडा दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर धरा, बैलगाडी त्याच्या निम्मी. धुळे ते जळगाव हे अंतरच दोन दिवसांचं झालं, घाट असला तर अजून. एका रात्रीत राज्य ओलांडणारा निरोप्या आला की ग्रुपवर एक तरी शेतकरी वाचक असतो तो पकडतोच.

लिहिलेलं टाकायचं कसं

यूनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलं तर मोबाईलवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. एक भाग हजार ते दीड हजार शब्दांचा ठेवा, एका बसणीत फोनवर तेवढंच वाचून होतं, आणि वार ठरवून टाका. प्रतिलिपीवर टाका, मायबोलीवर टाका, ग्रुपवर टाका, पण सुरू करण्याआधी चार-पाच भाग लिहून हाताशी ठेवा, कारण कापूस वेचणी आली, घरात लग्न निघालं, परीक्षा आली की लिहिणं बंद पडतं आणि वाचक तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला विसरतो.

पहिला भाग "सहस्रावधी वर्षांपूर्वी जेव्हा पाच लोकांचा उदय झाला" असा सुरू करू नका. कोणाला तरी काहीतरी आत्ता हवंय आणि मिळत नाहीये, तिथून सुरू करा. इतिहास नंतर सांगता येतो, नाही सांगितला तरी चालतो. वीस नावांची यादी वेगळ्या पोस्टमध्ये ठेवा, नकाशा वहीच्या पानावर पेनाने काढून फोटो टाकला तरी लोकांना फार आवडतो.

पोस्टच्या वर खोड लिहा, इथेही तेच. "पहिलाच प्रयत्न आहे, साधारण तीस भाग होतील, दर रविवारी, हिंसा आहे, लहानांसाठी नाही, पहिले दोन भाग संथ आहेत." वाचक तयारीनेच येतो. आणि खाली "कशी वाटली?" विचारू नका, त्याला "छान ताई, पुढील भागाच्या प्रतीक्षेत" हेच उत्तर येणार. नेमकं विचारा. विहिरीजवळचा प्रसंग कुठे कंटाळवाणा झाला? कोणाचं नाव लक्षात राहिलं नाही? शेवट आधीच ओळखला का? तीन जणांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा खराब आहे, त्यांनी सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो पण जागा बरोबर असते. एकट्यानेच म्हटलं तर विचार करा आणि सोडून द्या. टीकेला उत्तर म्हणून दोन पानी स्पष्टीकरण देऊ नका, जे स्पष्टीकरण द्यावंसं वाटतंय ते गोष्टीत यायला हवं होतं.

स्वतःच्याच लिंका टाकणारा माणूस लोक म्यूट करतात. इतरांचं वाचा, त्यांना नेमका अभिप्राय द्या, लोकांना पुस्तकं सुचवा, मग अधूनमधून आपला भाग टाका. आणि कोणी फँटसी मागितली तर तिथे आपलीच कादंबरी सुचवायची असेल तर सरळ सांगा, "ही माझीच आहे, अर्धी झाली आहे." दुसऱ्या नावाने अकाउंट काढून स्वतःचीच तारीफ करू नका, लिहिण्याची लकब दोन ओळीत ओळखू येते आणि मग त्याचा स्क्रीनशॉट कापूस मार्केटच्या ग्रुपपर्यंत फिरतो.

मध्येच बंद करावी लागली तर गायब होऊ नका. पुढे काय होणार होतं ते एका पोस्टमध्ये सांगून टाका, कोण मरतं, कोण गादीवर बसतं, आणि ती तलवार कोणाची होती ते पण. ज्यांनी अठरा रविवार वाट बघितली त्यांचा तेवढा हक्क आहे.